विमानातला धूर आणि हरभऱ्याचं वावर

कॅप्टनला मी नको होते. हे त्याने माझ्यापासून कधी लपवलं नाही, आणि तो मला नको आहे हे मीही फारसं लपवलं नाही. युद्धाच्या काळात लष्करी विमानं चालवलेला माणूस तो. विमानात बाई ठेवणं म्हणजे प्रवाशांना चहाबरोबर दाखवायची शोभा, असं तो माझ्यादेखत बोलायचा. त्यात मी तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याची मुलगी. एकदा सहवैमानिकाला तो म्हणाला, "काल बैल हाकत होती, आज माझ्या विमानात आहे." मी मागेच कॉफीचे पेले घेऊन उभी होते.

"बैल मी कधी हाकले नाहीत, कॅप्टन," मी म्हटलं, "पण हाकता येतील असं वाटतं. ते निदान उलटून बोलत नाहीत."

सहवैमानिक हसला. कॅप्टन हसला नाही. त्या दिवसापासून आमचं वैर पक्कं झालं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. आमच्या भागाला तेव्हा पश्चिम खानदेश म्हणत, नंदुरबार हा त्यातला एक तालुका. आमचं गाव शहाद्याच्या बाजूला, नदीच्या उत्तरेला. कापूस, केळी, ऊस, आणि हिवाळ्यात हरभरा. वडिलांनी मला शिकायला सुरतेला मामाकडे ठेवलं होतं. तिथून मी मुंबईला कॉलेजात गेले आणि वडील वारल्यावर थोरल्या भावाने ठरवलेलं लग्न मोडून विमानातली नोकरी धरली. भाऊ मुंबईला आला होता. त्याला आम्ही भाई म्हणायचो. वसतिगृहाच्या दारात उभं राहून त्याने मला सांगितलं, "परक्या पुरुषांना ताटं वाढायची असतील तर वाढ. आमच्या घरात तुझं ताट नाही." तो गेला. मीही त्याच्या मागे धावले नाही.

आमचं विमान दोन पंख्यांचं, जुनं. सकाळी मुंबईहून निघून इंदूर, भोपाळ करत दिल्लीला जायचं. वाटेत तापी लागायची. डाव्या खिडकीतून दूरवर मला आमच्या बाजूची काळी जमीन दिसायची आणि पुढ्यात सातपुडा. मी तिकडे बघायचे, पण आठवण येते म्हणून नाही. भाई तिथे कुठेतरी वावरात उभा असेल आणि मी त्याच्या डोक्यावरून चालले आहे, याचं मला बरं वाटायचं. माझा राग तेव्हा तसा ताजा होता.

नोकरीच्या सुरुवातीला आम्हाला धुराचं शिक्षण दिलं होतं. मोडीत काढलेल्या एका विमानाच्या सांगाड्यात आम्हा मुलींना बसवून शिक्षक ओल्या गोणपाटाचा धूर करायचा आणि बाहेरून ओरडून प्रश्न विचारायचा. धूर कुठून येतोय? रंग कसला? वास कसला, कापडाचा, तेलाचा की तारेचा? 'आग' हा शब्द प्रवाशांसमोर तोंडातून काढायचा नाही. पाण्यात भिजवलेले रुमाल वाटायचे, नाकातोंडावर धरायला लावायचे, डोकी गुडघ्यांकडे खाली घ्यायला लावायची, कारण खाली हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते. कॅप्टनच्या हुकमाशिवाय एकही झडप, एकही खिडकी उघडायची नाही. हवा मिळाली की धुमसणारं पेटतं. आणि वैमानिकांच्या खोलीचं दार बंद ठेवायचं. त्यांनी आपली काच सरकवली आणि मधलं दार उघडं असलं, तर मागचा सगळा धूर त्यांच्याकडे ओढला जातो. त्यांना दिसेनासं झालं की कुणीच वाचत नाही.

तेव्हा आग विझवायला विमानात एक पितळी पिचकारी असे. तिच्यातला द्रव आगीवर मारला की आग विझायची, पण तापलेल्या धातूवर पडला की त्याचा असा काही वायू व्हायचा की छाती आतून सोलल्यासारखी वाटावी. म्हणून शिक्षक बजावायचा, "आधी माणसं बाजूला. मग पिचकारी."

त्या हिवाळ्यात मी एकदा कॅप्टनला जळका वास येतोय म्हणून सांगितलं होतं. विमान मुंबईला परत फिरलं. काही निघालं नाही. थंडीत पहिल्यांदा गरम हवेची नळी सुरू केली की तिच्यातली धूळ जळते, तो वास होता. कॅप्टनने वरच्या साहेबांकडे माझी तक्रार केली आणि पुढचे कित्येक दिवस विमानात पाय ठेवताना मला विचारायचा, "आज काय जळतंय?"

आणि मग खरंच जळलं.

जानेवारी असेल, नाहीतर फेब्रुवारीची सुरुवात. पुढच्या रांगेत डाव्या बाजूला एक कापडाचा मोठा व्यापारी बसला होता. चढतानाच त्याने मला जात विचारली होती आणि उत्तर ऐकून पाण्याचा पेला परत केला होता. त्याच्या मागे तान्हं मूल घेतलेली एक बाई. आम्ही तापीच्या जवळ आलो तेव्हा मला वास आला. धुळीचा नव्हता. रबर तापल्यावर येतो तसा, कडवट. बाईच्या पायाजवळ, भिंतीच्या पत्र्याच्या फटीतून करडा धूर निघत होता, अगदी बारीक.

मी पुढे गेले. दार उघडून आत शिरले आणि ते मागे लावून घेतलं.

"कॅप्टन, डाव्या भिंतीतून धूर येतोय. दुसऱ्या रांगेपाशी. वास तारेचा आहे."

त्याने मान वळवली नाही. "पुन्हा?"

"पुन्हा," मी म्हटलं. "तुम्हाला येऊन बघायचं असेल तर बघा. मी परत चालले."

सहवैमानिक उठणार होता, पण त्याआधी रेडिओ ऑफिसर उठला. वैमानिकांच्या मागे त्याची छोटी जागा होती. पस्तिशीतला, अबोल माणूस. तो माझ्याबरोबर मागे आला, पत्र्याला हात लावला आणि झटकन काढला. पुढे जाऊन त्याने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण कॅप्टनने लगेच गरम हवा बंद केली. धूर थांबला नाही. मग त्याने विमानाची सगळी वीज तोडली. दिवे गेले, रेडिओ मेला. आता आम्ही कुठे आहोत, आमचं काय झालंय, हे जमिनीवर कुणालाच सांगता येणार नव्हतं. धूर थोडा मंदावला, आणि मग पुन्हा वाढला. भिंतीच्या आत कशाने तरी पेट घेतला होता.

मी रुमाल भिजवून वाटले. "डोकं खाली. रुमालातून श्वास घ्या. बोलू नका." पुढच्या लोकांना मागे न्यायला सुरुवात केली, तर कॅप्टन दारातून ओरडला, "सगळे शेपटीत भरू नकोस! विमान मागे जड होईल! मधल्या रांगांपर्यंतच!" म्हणजे एका खुर्चीत दोघं, काही खाली वाटेत. मी माणसं दाबून बसवत होते. कुणी शिव्या देत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं.

रेडिओ ऑफिसर एका हातात पिचकारी आणि दुसऱ्या हातात पत्रा उचकटायची सळई घेऊन उभा होता.

"मारू का?"

"थांबा. बाई उठलेली नाही."

त्या बाईच्या पदराचं टोक खुर्चीच्या पट्ट्यात अडकलं होतं आणि मूल खोकत होतं. मी पदर ओढून फाडला. तेवढ्यात व्यापारी उठला. त्याला मी मागे जायला सांगितलं होतं, तो गेला नव्हता. तो थेट संकटकाळच्या खिडकीकडे गेला आणि तिच्या मुठीला झोंबला. "हवा! हवा पाहिजे!"

"हात काढा."

"तू कोण मला सांगणार?"

त्याने मूठ अर्धी फिरवली होती. माझ्या हातात जड बॅटरी होती. ती मी त्याच्या बोटांवर मारली. तो किंचाळला आणि माझे केस धरले. मी दुसऱ्यांदा मारली, मनगटावर. त्याने केस सोडले. मी त्याला खांद्याला धरून वाटेत खाली बसवलं आणि बाईला मुलासकट मागे ढकललं.

"आता मारा," मी ओरडले.

रेडिओ ऑफिसरने पत्रा उचकटला. आत तारांचा जुडगा लाल धुमसत होता, आणि पत्रा निघताच त्यातून ज्वाळ उठली. त्याने पिचकारी मारली. ज्वाळ गेली, पण तो वायू पसरला. शिकताना आम्हाला त्याचा नुसता वास दिला होता. हे वेगळं होतं. डोळे मिटले गेले, घसा आवळला. तो मात्र तिथेच गुडघ्यावर बसून, तोंड त्या भोकापाशी नेऊन, पिचकारी मारतच राहिला.

मी कॅप्टनला सांगायला चाचपडत पुढे गेले आणि दार ढकललं. कॅप्टनने बाजूची काच सरकवलेली होती. दार उघडताच माझ्या अंगावरून सगळा धूर आत धावला.

"दार बंद कर!" तो गरजला. "बाहेर हो आणि बंद कर! मी खाली उतरतोय. पुढे डोंगर आहे, मी डोंगरावर जाणार नाही. लोकांना धरून बसव!"

मी बाहेर झाले आणि दार बंद केलं. त्याच्याकडे हवा होती, आमच्याकडे नव्हती. तो बरोबर होता. त्याला दिसणं जरुरीचं होतं. हे मला त्या क्षणीसुद्धा ठाऊक होतं, आणि त्या क्षणी त्याच्याइतका द्वेष मी आयुष्यात कुणाचा केला नाही.

विमान वळलं, पश्चिमेकडे नदीच्या अंगाने खाली खाली आलं. खिडकीतून मला उसाचे हिरवे चौकोन दिसले, मग वाळू, मग एकदम जवळ आलेली जमीन. त्याने चाकं टेकवली. आम्ही उसळलो, परत टेकलो, आणि मऊ काळ्या मातीत घसरत जाऊन थांबलो. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मला दुसरं काही लिहिता येत नाही. तो माणूस विमान चालवायला उत्तम होता.

मागचं दार मी उघडलं. ते जमिनीपासून फार उंच नव्हतं. माणसं उड्या मारून, पडून, एकमेकांना ओढून बाहेर आली. कुणी मेलं नाही. रेडिओ ऑफिसरला सहवैमानिकाने खेचत आणलं. तो जमिनीवर ओणवा झाला आणि खोकत राहिला, आणि त्याच्या खोकल्याचा आवाज ओला होता.

आम्ही हरभऱ्याच्या वावरात होतो. घाटे भरलेले होते. विमानाच्या मागे वावराच्या मधोमध दोन खोल चर पडले होते.

पहिली आली ती वावराची मालकीण. म्हातारी, हातात विळा. ती धावत आली, चर बघितले आणि सरळ कॅप्टनपुढे उभी राहिली.

"हाई वावर मन्हं शे! कोनले इचारीसन उतरनात तुम्ही?"

कुणाला विचारून उतरलात, या तिच्या प्रश्नातलं कॅप्टनला एक अक्षर कळलं नाही. त्याने तिला हाताने बाजूला सारलं. मागून वीस-तीस माणसं येत होती, काही काठ्या घेऊन. म्हातारीला सारलेलं त्यांनी पाहिलं. सगळी थेट अंगावर आली. कॅप्टन हिंदीत हुकूम सोडत होता, "पीछे हटो!" आणि प्रत्येक हुकमाला गर्दी एक पाऊल पुढे येत होती. त्याची भीती खरी होती. पंखाखाली पेट्रोल ठिबकत होतं. पण त्याला भीती दाखवता येत नव्हती, दरडावता फक्त येत होतं.

एका माणसाने ओठांत बिडी धरली आणि काडी काढली. मी त्याचा हात धरला.

"बिडी फेक! आठे पेट्रोल गळी ऱ्हायनं!"

तो थक्क झाला, मग संतापला. "बाई मानूस मन्हा हात धरस?"

"धरस. फेक!"

त्याने फेकली. गर्दी माझ्याकडे बघायला लागली. माझा चेहरा काजळीने भरला होता, केस सुटले होते, पण आवाज त्यांच्याच मुलखातला होता. मागून एक बाई म्हणाली, "अरे, हाई तं नदीवरला पाटीलनी आंडेर शे! इमानमा गयी व्हती ती!"

पाटलाची मुलगी, विमानात गेलेली. ते ऐकून गर्दी शांत झाली असं कुणाला वाटेल. झाली नाही. आता त्यांना शिव्या द्यायला ओळखीचं माणूस मिळालं. म्हातारी कॅप्टनला सोडून माझ्याकडे वळली. मी तिचं सगळं ऐकून घेतलं. हरभरा तिचाच होता.

आमचं गाव तिथून दीड कोसावर. निरोप गेला आणि भाई आला. बैलगाड्या घेऊनच आला होता. त्याने प्रवाशांना गाडीत बसवलं, बायकांना घोंगड्या दिल्या, म्हातारीला समजावलं, काठ्या खाली ठेवायला लावल्या. कॅप्टनशी मोडक्या हिंदीत बोलला. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

घरी पोचलो. अंगणात सगळ्यांना पाणी, गूळ, दूध. बायका आणि मूल आत नेलं. मी उंबऱ्यापाशी गेले तर भाई आडवा आला.

"तू नाही."

आतून आईचा आवाज आला, आमच्या गुजरी बोलीत. "जिवंत आहे ना रे ती?"

"आहे," भाई म्हणाला. "तोंड काळं करून आली आहे."

मी कॅप्टनकडे पाहिलं. त्याला शब्द कळले नव्हते, पण हात आडवा दिसला होता. दुधाचा पेला तोंडाला लावत तो म्हणाला, "तुमची घरची भांडणं नंतर करा," आणि ओट्यावर बसला.

मी परत फिरले. रेडिओ ऑफिसर गोठ्याशेजारी बाजेवर होता. त्याला आडवं झोपता येत नव्हतं. ओठ निळसर दिसत होते. मी पुन्हा भाईसमोर जाऊन उभी राहिले.

"तुझ्या घरात मला यायचं नाही. ह्या माणसाला डॉक्टर पाहिजे. कापसाच्या जिनिंग कारखान्याची जीप मागव."

तो बैलांकडे वळला.

"भाऊ म्हणून नको मागवूस. हा माणूस तुझ्या गोठ्यात मरेल, आणि मग पोलीस तुझ्या अंगणात येतील."

त्याने गड्याला हाक मारली आणि जीप आणायला पाठवलं. जीप आली. मी मागे बसून रेडिओ ऑफिसरला टेकू दिला. शहाद्याच्या डॉक्टरने त्याला सुई टोचली आणि मान हलवून नंदुरबारला न्यायला सांगितलं. तिथून रेल्वेने सुरत. मी सुरतेपर्यंत त्याच्याबरोबर होते. आईला मी पाहिलं नाही. ती दाराशी आली होती का, हेही मला माहीत नाही.

मुंबईत चौकशी झाली. व्यापाऱ्याने तक्रार केली होती की विमानातल्या बाईने त्याला मारहाण केली. त्याचं एक बोट मोडलं होतं. साहेबांनी कॅप्टनला विचारलं.

"मारलं असेल," कॅप्टन म्हणाला. "मी दाराच्या पलीकडे होतो."

साहेब माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मारलं. दोनदा. खिडकी उघडली असती तर आज चौकशीला फारसं कुणी उरलं नसतं."

मला ताकीद मिळाली, कॅप्टनला शाबासकीचं पत्र. त्या चौकशीत एक गोष्ट मात्र कॅप्टनने स्वतःहून सांगितली. धुराची खबर बाईने वेळेवर दिली, असं तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. तो जिना उतरून निघून गेला. पुढे त्याने त्याच्या विमानात मला घेऊ नये असा अर्ज केला, आणि मीही तसाच केला होता. दोन्ही मंजूर झाले.

भाई माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही. आई गेल्याची खबर मला मामेभावाकडून कळली, सगळं उरकल्यावर. मी गावी गेले नाही. मला बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता त्या अंगणात उभं राहायची माझी इच्छा उरली नव्हती.

रेडिओ ऑफिसरच्या फुप्फुसांत त्या वायूने जे केलं ते भरून आलं नाही. त्याला विमानातून काढलं. साठचं दशक अर्धं सरलं असताना मी सुरतेला त्याच्या घरी गेले. तो घरीच रेडिओ दुरुस्त करायचा. जिना चढून आलेल्या माणसासारखा प्रत्येक वाक्याला थांबत होता. त्याच्या बायकोने चहा ठेवला आणि आत निघून गेली.

मी त्याची विचारपूस केली. त्याने एक रेडिओ उघडलेला होता. त्यात बघतच तो म्हणाला, "मी मारू का विचारलं तेव्हा तू थांब म्हणालीस."

"हो."

"तेव्हा नुसता धूर होता. लगेच मारली असती तर एका पिचकारीत विझलं असतं. तू थांबवलंस, तोवर आतलं वाढलं. मग मला तिथे बसून राहावं लागलं."

"तिथे तान्हं मूल होतं," मी म्हटलं. "त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर तो वायू झाला असता."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काही नाही." त्याने स्क्रू फिरवला, श्वास घेतला. "तू बरोबरच केलंस. चौकशीत मी तसंच सांगितलं. पण रात्रंदिवस हा असा श्वास घ्यावा लागतो तेव्हा मला तुझा राग येतो. तुला खोटं का सांगू?"

तेच पुन्हा झालं असतं तर मी पुन्हा थांबच म्हटलं असतं, आणि ते त्यालाही कळत होतं. मी चहा संपवला. आतून त्याच्या बायकोने भांडी जोरात आदळली. मी उठले तेव्हा त्याने मला परत ये म्हटलं नाही, आणि मीही येते असं म्हटलं नाही. खाली येऊन मी स्टेशनची वाट धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं दिल्लीचं विमान होतं.